स्वयंपाकघरातील भाषा आणि भट्टीतील बटाटे

एखाद्या भाषेला हीन ठरवावयाचे झाले म्हणजे तिची रवानगी स्वयंपाकघरात करण्याची रीत पुष्कळ देशांत आढळते. न्यायालयाची भाषा वेगळी, धर्मपीठाची वेगळी, काव्याची वेगळी. आणि उरलेली, चुलीपुढे बसलेल्या बाईने मुलांना हाका मारावयाची, ती स्वयंपाकघरातली. भूमध्य समुद्रातील माल्टा ह्या द्वीपसमूहात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत जो भाषावाद धुमसत राहिला, त्यात इटालियनच्या कैवाऱ्यांनी माल्टी भाषेला नेमके हेच विशेषण लावले होते. इटालियन ही वकिलांची आणि सुशिक्षितांची भाषा, इंग्रजी राज्यकर्त्यांची, आणि माल्टी स्वयंपाकघराची. १९३४ साली माल्टीला राजभाषेचा दर्जा मिळाला, २००४ साली युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत तिची गणना झाली, आणि त्या शिवीतील विष उतरले. तथापि शिवीतही कधी कधी वस्तुस्थितीचा अंश असतो. माल्टी भाषा खरोखरच दीर्घकाळ स्वयंपाकघरात राहिली होती. तेथे राहून तिने काय सांभाळले हे पाहावयाचे असेल, तर त्या बेटांवरील घरगुती जेवणाकडे, आणि त्यातही रविवारच्या एका अगदी साध्या पदार्थाकडे, पाहणे उपयोगाचे ठरते.

ही हकीकत मराठी वाचकाने तिऱ्हाइताच्या वृत्तीने वाचावी अशी नाही. मराठीने स्वतः संस्कृत पंडितांकडून प्राकृतपणाचा अधिक्षेप सोसलेला आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनाही तिच्या बाजूने युक्तिवाद करावा लागला. परंतु पुढे गोव्यात कोंकणीविषयी बोलताना पुष्कळ मराठी विद्वानांनी तीच तराजू हाती घेतली. पोर्तुगीज अमलात कोंकणीला नोकरचाकरांची भाषा म्हणून हिणवीत. मराठीच्या कैवाऱ्यांनी शब्द अधिक सभ्य वापरले, तिला मराठीची एक बोली आणि घरात बोलावयाची भाषा म्हटले. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली. तेव्हाही हा सूर पुरता मावळला नव्हता. घरातले ते गौण, हे समीकरण कोणाला शिकवावे लागत नाही.

माल्टाचे एकूण क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी. एवढ्याशा भूमीवर जी भाषा बोलली जाते ती सेमिटिक कुळातली. सिसिलीत एके काळी बोलल्या जाणाऱ्या अरबीची ती वंशज, आणि लिपी मात्र रोमन. तिचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने काव्य, पिएत्रू काक्सारो ह्याची पंधराव्या शतकातील 'कांतिलेना', हे एका नोटरीच्या दप्तरात दडून राहिले होते. ते १९६६ साली हाती लागले आणि १९६८ साली प्रसिद्ध झाले. कॅथलिक धर्माला घट्ट धरून असलेल्या ह्या समाजात परमेश्वराला 'अल्ला' म्हणतात, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रंदान' म्हणतात (हा रमजानच), आणि ईस्टरचा सण थोरल्या ईदच्या नावाने साजरा होतो. मराठी मनुष्याला ह्या भाषेत अधूनमधून ओळखीचे चेहरे दिसतात. 'दिन्या' म्हणजे दुनिया. 'सीहेब' म्हणजे सोबती. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथे खुर्चीवर बसून साहेब झाला. शब्दांनाही देशपरत्वे बढती मिळते ती अशी.

ह्या भाषेच्या स्वयंपाकघरात शिरले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जे मूळ द्रव्य, त्याची नावे बहुधा अरबी कुळातली आहेत. पाव म्हणजे 'होब्झ', तेल 'झेय्त', मीठ 'मेल्ह', कांदा 'बसल', लसूण 'तेउम', मांस 'लहम', दूध 'हलीब', पाणी 'इल्मा'. शिजविणे, तळणे, भाजणे, उकळणे ही क्रियापदेही त्याच कुळातली. पण पदार्थ तयार होऊन पानात आला, पाहुण्यांसमोर गेला, की पुष्कळदा तो सिसिलियन-इटालियन नाव धारण करतो: 'स्तुफ्फात', 'मिनेस्त्रा', 'तोर्ता', 'रव्यूल'. दाण्यापासून चुलीपर्यंत एक भाषा आणि चुलीपासून ताटापर्यंत दुसरी, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. अपवाद आहेतच. खजुराचे सारण भरून तळलेल्या 'इमकारेत' ह्या वड्या नावासकट उत्तर आफ्रिकेच्या आहेत, आणि 'कुसकुसू' हे नाव तर सांगावयासच नको, जरी माल्टात त्या नावाने मण्यांएवढ्या शेवया आणि ओल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे ह्यांचे दाट सार ओळखले जाते. तरी सामान्य चित्र खरे आहे. जे कोणाला लिहावेसे वाटले नाही आणि ज्याच्यावाचून कोणाचे चालले नाही, ते जुन्या भाषेत राहिले.

आता तो रविवारचा पदार्थ. त्याचे नाव 'पटाटा ल-फोर्न', शब्दशः 'भट्टीतले बटाटे'. ह्या नावात भाजण्याचे क्रियापद नाही, मसाल्याचा उल्लेख नाही, कोणा आश्रयदात्याचे वा शहराचे नाव नाही. बटाटे कोठे आहेत एवढेच त्यात सांगितले आहे. बटाटे सोलून बोटभर जाडीच्या चकत्या करावयाच्या, तेवढेच मुबलक कांदे उभे चिरावयाचे, पसरट तसराळ्यात त्यांचे थर लावावयाचे. वरून मीठ, मिरे, लसूण, तेल किंवा डुकराची चरबी, आणि ज्यावाचून हे बटाटे माल्टाचे ठरत नाहीत ती मूठभर बडीशेप. तळाशी थोडे पाणी. ऐपत असेल त्याप्रमाणे ह्या सर्वांवर डुकराच्या मांसाचा तुकडा, कोंबडी किंवा ससा ठेवावयाचा, म्हणजे त्याचा रस पाझरून खाली उतरतो. दीड-दोन तासांनी तसराळे बाहेर येते तेव्हा वरच्या चकत्यांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झालेल्या असतात. मधला थर मऊ असतो, आणि तळाचे बटाटे कांद्याच्या व मांसाच्या रसात जवळजवळ विरघळलेले असतात. कोणाला वरचे आवडतात, कोणाला तळाचे. जाणता खवय्या तळाच्या बाजूने मत देईल. बडीशेपेचा वास मात्र साऱ्या थरांतून सारखा येतो. भारतात जेवणानंतर तोंडात टाकावयाची ही बी तेथे जेवणाच्या मध्यभागी आहे, आणि तिचे 'बुझबीस' हे नाव पुन्हा अरबीच आहे.

बटाटा स्वतः मात्र बेटावर अलीकडे आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमलात, त्याची लागवड तेथे रुजली. पुढे तो इतका रुजला की हॉलंडला बटाटे निर्यात करणे हा तेथील शेतकऱ्याचा एक महत्त्वाचा व्यवसाय झाला. म्हणजे ज्याला आज सनातन माल्टी जेवण समजतात, त्याच्या केंद्रस्थानी असलेली वस्तू जेमतेम दोनशे वर्षांची. अमेरिका खंडाजवळील बेटांवरील टाइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडी जगभर गेला. पोर्तुगीजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरविला, म्हणून मराठी माणूस बटाटा म्हणतो आणि उत्तरेकडचा माणूस जुन्या कंदाचेच नाव चालवून आलू म्हणतो. दुसरीकडे स्पेन आणि इटलीच्या वाटेने तोच शब्द माल्टाला 'पटाटा' होऊन पोचला. तेव्हा माल्टी गृहिणीचा पटाटा आणि मराठी गृहिणीचा बटाटा ही एकाच घरातून परागंदा झालेली दोन भावंडे होत. ह्या उपऱ्याला सनातन ठरविण्यात मराठी माणूसही मागे नाही. एकादशीच्या ताटात साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, रताळी आणि बटाटे, ही सारी अमेरिकेतून आलेली मंडळी, पावित्र्याचा अधिकार घेऊन बसली आहेत, आणि इथलाच गहू त्या दिवशी निषिद्ध आहे. परंपरा ही वयाने ठरत असती तर असे झाले नसते.

'फोर्न' हा शब्द ह्याहून मजेदार आहे. लॅटिनमधील 'फुर्नुस' अरबीत फार पूर्वी 'फुर्न' होऊन गेला. त्यामुळे माल्टीतील 'फोर्न'वर दोन्ही कुळांचा हक्क पोचतो. जो शुद्धतावादी माल्टी भाषेतून परके शब्द उपटून काढू पाहील, त्याने ह्या शब्दाशी येऊन थबकावे.

आणि ही भट्टी घरात नव्हती. घरगुती जेवणाविषयी हळवेपणाने बोलणारे हे बहुधा विसरतात. माल्टा हा चुनखडी दगडाचा, झाडे फार थोडी असलेला प्रदेश. जळाऊ लाकूड पुष्कळसे सिसिलीहून आणावे लागे. गरीब घरांत वाळलेली काटेरी झुडपे आणि शेणाच्या गोवऱ्या जाळीत. घरात असे ती 'केनूर', म्हणजे त्या बेटाच्याच मऊ दगडात कोरलेली एक लहान शेगडी, जिच्यावर एका वेळी एकच भांडे बसे. सरपणाच्या ह्या टंचाईतून तेथील पाकशास्त्र घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मंद आचेवर तासन् तास शिजणारे पदार्थ, आणि एका भांड्यातून दोन वेळचे समाधान, ही त्याची खूण. मांसाचा रस्सा आधी शेवया घालून प्यावयाचा आणि त्यातले मांस मग वेगळे खावयाचे. सशाच्या कालवणातला रस्सा आधी शेवयांवर वाढावयाचा आणि ससा मागाहून. 'सोप्पा ताल-आर्मला', म्हणजे विधवेचे सार, ह्यात मिळतील त्या भाज्या शिजवून वरून एक अंडे आणि घरच्या चीजची एक वडी सोडतात. अंडे त्या सारातच शिजते. नावातले दारिद्र्य पदार्थात लपलेले नाही, आणि ते लपविण्याचा कोणी प्रयत्नही केलेला नाही.

सशाची गोष्ट थोडी निराळी. १५३० ते १७९८ ह्या काळात माल्टावर सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचे राज्य होते, आणि शिकारीवरील त्यांचे निर्बंध लोकांना जाचत. १७७५ साली धर्मगुरूंच्या पुढाकाराने जे बंड झाले, त्यामागील असंतोषात सशांच्या शिकारीवरील बंदी हेही एक कारण होते. आज माल्टी लोक मित्रमंडळी जमवून सशाची मेजवानी करतात तिला 'फेंकाता' म्हणतात, आणि तीत प्रतिकाराची स्मृती पाहण्याचा मोह होतो. इतिहासकार कार्मेल कस्सार ह्यांनी १९९४ साली ह्या विषयावर जे लिहिले, त्याच्या शीर्षकात फेंकातेला शेतकऱ्यांच्या प्रतिकाराचे प्रतीक म्हटले आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. ते प्रश्नचिन्ह मोलाचे आहे. खाद्यसंस्कृतीवरील अलीकडच्या पुष्कळ लेखनात ते गळून पडलेले दिसते.

केनूरवर तसराळे बसत नसे, तेव्हा रविवारचे बटाटे भाजावयाचे कोठे? ते गावातील पाववाल्याच्या भट्टीत जात. कॉर्मी ह्या गावाला तर धर्मयोद्ध्यांच्या काळी इटालियनमध्ये 'पाववाल्यांचे गाव' असेच नाव होते. रात्रभर पाव भाजून निघाले की दगडी भट्टी तापलेलीच असे. रविवारी सकाळी मिस्सेला जाण्यापूर्वी घरोघरचे तसराळे फडक्याने झाकून तेथे पोचविले जाई. पाववाला त्यावर आकडा कोरलेला पत्र्याचा बिल्ला लावी, तसाच दुसरा घरवालीजवळ राही. थोडेसे पैसे पडत. मिस्सा आटोपून, चार गोष्टी बोलून, माणसे भट्टीवर परत येत आणि बिल्ला दाखवून आपले तसराळे घरी नेत. मांस नसलेल्या घरचे नुसते बटाटे, सुखवस्तू घरची कोंबडी आणि कोणाच्या भाजलेल्या शेवया एकाच दगडी छताखाली एकाच आगीवर शिजत. फडके कितीही नीट बांधले तरी वास झाकत नाही. कोणाच्या घरी ह्या रविवारी मांस आहे आणि कोणाच्या घरी नाही, हे परत नेताना साऱ्या गल्लीला कळत असणारच. ह्या चित्रात ऊब आहे हे खरे, पण दारिद्र्याची सार्वजनिक मोजदादही त्यातच आहे.

भारतीय साहित्य एक की अनेक, ह्या जुन्या वादात गुंतलेल्या अभ्यासकाला ही भट्टी आणि ही तसराळी मोहात पाडतील. आग एक, भांडी निरनिराळी. ह्याहून सोयीची उपमा कोठे मिळणार? पण उपमेने वाद मिटत नाहीत. भट्टी कोणाच्या मालकीची, सरपण कोणी भरले, कोणाचे तसराळे आत आगीजवळ सरकविले आणि कोणाचे दाराशी राहिले, हे प्रश्न उपमेबरोबरच आत येतात, आणि ते विचारल्यावाचून तिचा उपयोग करू नये.

एका गोष्टीवर मात्र ह्या भट्टीच्या रिवाजाने प्रकाश पडतो, आणि तो पडतो १९४२ सालच्या एका उलट अनुभवामुळे. जून १९४० पासून माल्टावर बॉम्बवर्षाव सुरू झाला, बेटाची कोंडी झाली, आणि अन्नापाठोपाठ घासलेटही दुर्मिळ झाले. तोवर घरोघरी स्वयंपाक घासलेटच्या स्टोव्हवर होऊ लागला होता. सरपण आणि शिधा वाचावा म्हणून सरकारने १९४२ साली 'विजय पाकशाळा' ह्या नावाची सामुदायिक स्वयंपाकघरे काढली. लोकांनी शिधापत्रिकेवरील आपल्या वाट्याचा काही भाग सोडावयाचा, पैसे भरावयाचे आणि शिजलेले अन्न घेऊन जावयाचे. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला, स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, जर्जर झालेले 'ओहायो' हे तेलवाहू जहाज बंदरात ओढत आणले गेले. त्याच्या पोटात इतर इंधनाबरोबर घासलेटही होते. तरी टंचाई लगेच संपली नाही, आणि पुढील वर्षाच्या आरंभी जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या त्या देशात लाखाहून अधिक माणसे ह्या पाकशाळांतून जेवत होती. त्या अन्नाने उपासमार टळली. आणि त्या अन्नाचा लोकांना मनस्वी तिटकारा होता. त्याविषयीच्या तक्रारी आणि टवाळी ह्यांची युद्धकाळाच्या आठवणींत वाण नाही.

पदार्थ निकृष्ट होते हे तिटकाऱ्याचे उघड कारण, आणि ते पुरेसेही वाटेल. परंतु जे लोक पिढ्यान् पिढ्या दर रविवारी आपले जेवण परक्याच्या भट्टीत बिनदिक्कत शिजवून घेत आले, त्यांना सामुदायिक स्वयंपाक ही कल्पना अपरिचित नव्हती. फरक होता तो पातेल्याचा. भट्टीत आग सामायिक असे, पण बटाट्याची चकती किती जाड, बडीशेप किती, तळाशी पाणी किती, हे ज्या त्या बाईने ठरविलेले असे, आणि बिल्ल्यावरचा आकडा त्या निर्णयाची राखण करी. पाकशाळेत पातेलेच एक झाले आणि हात परका झाला. घरचे अन्न घरात शिजलेलेच असले पाहिजे असा माल्टाच्या बायकांचा आग्रह कधीच नव्हता. थर आपल्या हातचा हवा, एवढाच होता.

हा हात कागदावर फारसा उतरलेला नाही. माल्टाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिकेले मार्चेका ह्याचे १७४८ सालचे हस्तलिखित आहे. त्यात गोड पदार्थांच्या कृती आहेत आणि त्या इटालियनमध्ये आहेत. गरिबांच्या केनूरवर रोज काय शिजे, हे लिहून ठेवण्याजोगे कोणाला वाटले नाही. जिला ते ठाऊक होते तिला बहुधा लिहिता येत नव्हते, आणि तिच्या भाषेला १९३४ पर्यंत सरकारमान्य लेखनपद्धतीही नव्हती. ॲन आणि हेलन कारुआना गलिझिया ह्या दोघींनी १९७२ साली माल्टाच्या पाककृतींचे जे पुस्तक केले, त्याने पुष्कळ काही हरवण्यापासून वाचविले. ते पुस्तक इंग्रजीत आहे. ज्या भाषेला स्वयंपाकघरातली म्हणून हिणविले, तिच्या स्वयंपाकघराची नोंद आधी इटालियनने आणि मग इंग्रजीने घ्यावी, ह्यात दोष त्या दोघींचा नाही. ओव्या आणि लोककथा जमविणाऱ्या भारतीय संशोधकांना ही अडचण नवी वाटणार नाही. कृती सांगणारी बाई 'अंदाजाने' म्हणते. संग्राहक 'दोन चमचे' लिहितो. आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये जे होते ते जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत गॅसच्या व विजेच्या भट्ट्या माल्टाच्या घरोघरी आल्या आणि तसराळे घरातच राहू लागले. शब्दशः पाहता पटाटा ल-फोर्न हा घरगुती पदार्थ झाला तो तेव्हा. सोय झाली, उन्हातून जड भांडे वाहण्याचा त्रास वाचला, मांस आहे की नाही हे गल्लीपासून लपविता येऊ लागले. ह्यातले काहीही तुच्छ मानण्याचे कारण नाही. पण चव बदलली असे जुनी माणसे म्हणतात तेव्हा ते केवळ स्मरणरंजन असते असेही नाही. दगडी भट्टीची आच प्रारंभी कडक असते आणि मग हळूहळू उतरत जाते, त्यामुळे वरच्या चकत्या आधी धरल्या जातात आणि खालच्या पुढे सावकाश मुरतात. घरातल्या भट्टीची आच स्थिर असते. म्हणून आजची गृहिणी मध्येच वरून कागद झाकते, तळाशी पाणी वाढविते, शेवटी आच चढविते, आणि पाववाल्याच्या भट्टीत जे आपोआप होई ते बटणे फिरवून साधते. २०२० साली 'फ्तीरा' ह्या तेथील चपट्या पावाची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदली गेली, तेव्हा पाव भाजणाऱ्या भट्ट्यांकडे पुन्हा थोडे लक्ष गेले. बटाट्यांची नोंद कोणत्याही यादीत नाही. काही गावांतील पाववाले अजूनही, विशेषतः नाताळच्या सकाळी, घरोघरची तसराळी आत घेतात.